चमच्यावरचं नाव कोणाचं?



विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि जुन्या विलायती चमच्यांचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही सराफ नाही आणि संग्राहकही नाही. पण या विषयात आम्ही शिरलो ते एका घरच्या चमच्यामुळे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

आमच्या आजोळी एक चमचा होता. घरातल्या प्रत्येक मुलाचं उष्टावण त्याच चमच्यानं झालं. दांड्याच्या मागे चार बारीक चौकटी आणि प्रत्येक चौकटीत वळणदार काहीतरी. मामा सांगत, ‘हे लंडनचे शिक्के आहेत, अस्सल चांदी.’ आम्हीही चाळिशीपर्यंत तेच सांगत होतो. मग एकदा भिंग हाताशी होतं म्हणून सहज पाहिलं. चार चौकटींत चार अक्षरं होती : ई, पी, एन आणि एस. म्हणजे ‘इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर’. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते, तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. त्यात चांदीचा कणही नसतो. वरून विजेच्या साहाय्यानं चांदीचा पातळ मुलामा दिलेला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी या प्रक्रियेचं पेटंट १८४० मध्ये घेतलं आणि त्यानंतर असे चमचे जगभर गेले. अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत ठोकायची पद्धत अशी, की दुरून पाहणाऱ्याला ते चांदीचे अधिकृत शिक्केच वाटावेत.

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांनी ऐकलेलं सांगितलं, आम्ही ऐकलेलं मानलं. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचा शब्द? ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, त्या आप्ताचा. चमच्यावरचा ठसा हाही एक शब्दच आहे. मग तो कोणी उच्चारला, कशाबद्दल उच्चारला आणि त्याला आप्त का मानायचं, हा आजचा विषय. त्यासाठी आपण इंग्लंडचंच उदाहरण घेऊ, कारण इतक्या सलग नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.

आता एक चमचा डोळ्यांसमोर आणा. जेवणाचा मोठा चमचा, लंडनचा, अठराव्या शतकाच्या शेवटाकडचा. दांड्याच्या मागे पाच ठसे आहेत. पहिला, उजवा पाय उचलून चालणारा सिंह. दुसरा, मुकुट घातलेलं बिबळ्याचं तोंड. तिसरा, छोट्या लिपीतलं ‘एल’ हे अक्षर. चौथा, राजाचा चेहरा. आणि पाचवा, वळणदार लिपीत ‘एच बी’ ही दोन आद्याक्षरं.

नवखा माणूस सरळ पाचव्या ठशाकडे धावतो. नाव कळलं की सगळं कळलं, असं त्याला वाटतं. जाणकार मात्र नावाकडे शेवटी येतो. का ते सांगतो. ‘एच बी’ ही आद्याक्षरं असलेले कारागीर शेकड्यांनी होऊन गेले असतील. लंडनमध्ये होते, इतर शहरांतही होते. तेव्हा आधी जागा आणि काळ पक्का करायचा, मग त्या चौकटीत बसणारा ‘एच बी’ शोधायचा. पत्ता आणि साल माहीत नसताना कोणी आपल्याला नुसतं ‘जोशी’ सांगितलं तर आपण कोणाच्या दारात जाणार?

बिबळ्या म्हणजे लंडन. त्याच्या डोक्यावर १८२१ पर्यंत मुकुट असे, पुढे तो गेला. म्हणजे ही वस्तू त्याआधीची. नांगर असता तर बर्मिंगहॅम, आणि त्या काळात मुकुट एकटा असता तर शेफील्ड. या दोन्ही शहरांना चांदीचा कस लावणाऱ्या कचेऱ्या मिळाल्या त्या १७७३ मध्ये. सिंह म्हणजे धातू स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. राजाचा चेहरा म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची पावती. हा ठसा १७८४ पासून १८९० पर्यंतच चालला. राहिला ‘एल’. लंडनमध्ये दर वर्षी एक अक्षर ठरे. वीस अक्षरांचा फेरा, त्यात जे नाही आणि यू च्या पुढचं काही नाही. फेरा संपला की लिपीचं वळण किंवा चौकटीचा आकार बदलायचा आणि पुन्हा ए पासून सुरुवात. छोट्या लिपीतलं हे ‘एल’ म्हणजे १७८६. पण वर्ष जानेवारीत बदलत नसे, मे महिन्याच्या अखेरीस बदले. म्हणून जाणकार ‘१७८६-८७’ असंच लिहितो.

आता लंडन, १७८६-८७, वळणदार ‘एच बी’. इतकं हाती आलं की नोंदवही उघडायची. तिथे नाव सापडतं : हेस्टर बेटमन.

नावाकडे आपण परत येऊच. पण आधी हे ठसे आले कुठून ते पाहू, कारण त्यांच्या जन्मातच त्यांचा अर्थ आहे.

इसवी सन १३०० मध्ये पहिल्या एडवर्ड राजानं कायदा केला, की स्टर्लिंगपेक्षा हलक्या चांदीचं भांडं विकायचं नाही, आणि धंद्यातल्या प्रमुखांनी ते तपासून त्यावर बिबळ्याचं तोंड ठोकायचं. स्टर्लिंग म्हणजे त्यांच्या बारा औंसांत अकरा औंस आणि दोन पेनीवेट चांदी. १३२७ मध्ये सोनारांच्या संघटनेला, म्हणजे गोल्डस्मिथ्स कंपनीला, राजाची सनद मिळाली. ही कंपनी म्हणजे ईस्ट इंडियासारखी व्यापारी कंपनी नव्हे, आपल्याकडे प्राचीन काळी ज्याला श्रेणी म्हणत तसं काहीतरी. मग १३६३ मध्ये आणखी एक कायदा आला : प्रत्येक मुख्य कारागिराचा स्वतःचा ठसा असला पाहिजे. त्या वेळी वाचता येणारे थोडे, म्हणून हे ठसे बहुधा चित्रांचे असत, कोणाचा पक्षी, कोणाचा मासा. अक्षरं हळूहळू आली.

हा ठसा का हवा होता? कौतुकासाठी नक्कीच नाही. भांड्यात भेसळ निघाली तर कोणाला धरायचं हे कळावं म्हणून. कारागिराचा ठसा हा मुळात चित्रकाराच्या सहीसारखा नाही, तो जामिनावरच्या अंगठ्यासारखा आहे.

आणि याहून गमतीची गोष्ट वर्षाच्या अक्षराची. १४७८ मध्ये नियम झाला, की तपासणी कारागिरांच्या दुकानांत नको, माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणा. हॉलमध्ये मार्क होतो म्हणून ‘हॉलमार्क’. आज आपण सराफाकडे जो शब्द सहज वापरतो तो या इमारतीवरून आलेला आहे. त्याच वेळी वर्षाचं अक्षर सुरू झालं. आपल्याला वाटतं, वा, काय सोय केली, चमचा कधीचा ते कळतं. पण ती सोय आपल्यासाठी नव्हतीच! तपासणारा अधिकारी बदलत असे. पुढे मागे हलकी चांदी सापडली, तर त्या वर्षी ती पास कोणी केली हे शोधता यावं, म्हणून ते अक्षर. म्हणजे कारागिरावर नजर ठेवणारा तपासनीस, आणि तपासनिसावर नजर ठेवणारं एक अक्षर.

तपासणी कशी होत असे? भांड्याच्या अंगावरून थोडा कीस खरवडून घ्यायचा. तो शिशात गुंडाळून, हाडांच्या राखेच्या लहानशा वाटीत भट्टीत तापवायचा. शिसं आणि हलके धातू त्या राखेत शोषले जातात आणि चांदीचा मणी उरतो. आधीचं वजन, नंतरचं वजन, हिशेब झाला. कमी भरलं तर भांडं मोडून टाकत. ‘कसाला लागणे’ हा वाक्प्रचार आपण सोन्यावरून घेतला, पण चांदीचा कस असा अक्षरशः अग्निपरीक्षेनं लागतो.

पुढचा इतिहास झरझर पाहू. चालणारा सिंह १५४४ मध्ये आला. १६९७ मध्ये मात्र मोठी उलथापालथ झाली. लोक चांदीची नाणी कातरून, वितळवून भांडी करू लागले होते. त्याला आळा म्हणून भांड्यांच्या चांदीची शुद्धता नाण्यांपेक्षा वर नेली, हजारात सुमारे ९५८. सिंहाऐवजी ब्रिटानियाची बसलेली मूर्ती आली, आणि कारागिरांना सांगितलं, की जुना ठसा मोडा, आडनावाची पहिली दोन अक्षरं घ्या. १७२० मध्ये स्टर्लिंग परत आलं तसे लोक पुन्हा नाव आणि आडनावाच्या आद्याक्षरांकडे वळले. १७३९ मध्ये पुन्हा नवा हुकूम : सगळ्यांनी नवे ठसे नोंदवा, आणि लिपीचं वळण आधीपेक्षा वेगळं घ्या. म्हणजे एकाच माणसाचे तीन-तीन ठसे होऊ शकतात. त्यात त्या काळी जे च्या जागी बहुधा आय कोरत, म्हणून ‘आय बी’ पाहून आयझॅक शोधत बसू नये, तो जॉनही असेल.

नोंदवह्यांचं काय? लंडनमध्ये ठसा आणि नाव यांची जोडी सांगणाऱ्या नोंदवह्या १६९७ पासूनच्या आहेत. त्याआधीचे ठसे दिसतात, पण बहुतेकांचे धनी कळत नाहीत. आणि १६९७ नंतरही एक मोठी खिंड आहे. मोठी भांडी करणाऱ्या कारागिरांची १७५८ ते १७७३ या काळातली नोंदवही हरवली आहे. तिथे १७७३ मध्ये संसदेच्या समितीपुढे आलेली कारागिरांची यादी आणि इतर कागद जुळवून अनुमान करावं लागतं. ग्रिमवेड या अभ्यासकानं १६९७ ते १८३७ या काळातल्या लंडनच्या कारागिरांचे ठसे आणि चरित्रं यांचा जो मोठा ग्रंथ १९७६ मध्ये दिला, त्यामागे अशी कितीतरी जुळवाजुळव आहे. आपल्यासाठी धडा एवढाच, की त्या पंधरा वर्षांतल्या एखाद्या ठशाबद्दल कोणी छातीठोकपणे नाव सांगू लागला, तर जरा थांबून ‘कशावरून?’ असं विचारावं.

आता हेस्टर बेटमनकडे येऊ. तिचा नवरा जॉन साखळ्या बनवणारा होता. तो १७६० मध्ये वारला. पन्नाशी ओलांडलेल्या हेस्टरनं धंदा बंद केला नाही, आणि १६ एप्रिल १७६१ रोजी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःचा ठसा नोंदवला. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. जिचं नाव आज संग्रहालयांच्या पाट्यांवर आहे, तिला ते लिहिता येत नव्हतं, हे मनात असू द्या. नवऱ्यामागे धंदा चालवून ठसा नोंदवणारी ती एकटी नव्हती. लुईझा कूर्टो हिनंही तेच केलं. तिच्या ठशाची चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची आहे. इंग्रजी कुलचिन्हांत स्त्रीची ढाल तशी काढतात. हेस्टरच्या चौकटीला मात्र तसा आकार नाही, म्हणजे शंकरपाळं नाही म्हणून बाई नाही, असं अनुमान करता येत नाही.

सुरुवातीची काही वर्षं तिचं दुकान बरंचसं काम दुसऱ्या चांदीवाल्यांसाठी करत असे. दुसऱ्याकडून घडवून घेतलेल्या मालावर विकणारा कधीकधी स्वतःचा ठसा ठोके, तोही आधीच्या ठशाच्या डोक्यावर. भिंगाखाली एका ठशाच्या कडेला दुसऱ्याची रेघ डोकावताना दिसते ती अशी. म्हणजे चमचा घडला एका घरी आणि नाव लागलं दुसऱ्याचं.

हेस्टर १७९० मध्ये निवृत्त झाली, १७९४ मध्ये वारली. तिच्यानंतरचे ठसे लावून पाहिले, तर त्या घराची वंशावळ समोर उभी राहते. आधी पीटर आणि जोनाथन या दोन मुलांची आद्याक्षरं. १७९१ मध्ये जोनाथन जातो, आणि त्याच्या जागी त्याची विधवा ॲन येते. १८०० मध्ये त्यात तिचा मुलगा विल्यम याची भर पडते. एका सुनेचं नाव सासरच्या धंद्यात ठशावर लागलं ते दुसऱ्या मृत्यूमुळे. चांदीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ही सगळी हकिकत मावली आहे.

विसाव्या शतकात संग्राहकांमध्ये हेस्टरच्या नावाला फार मागणी आली. ‘हे हेस्टरनं घडवलं’ असं म्हणत लोक जास्त पैसे मोजू लागले. आणि इथे आम्हाला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून बोलायचं आहे. हेस्टरनं घडवलं, या वाक्याला पुरावा काय? ठसा ते सांगत नाही. ठसा इतकंच सांगतो, की हा माल तपासणीला तिच्या नावानं आला आणि खोट निघाली तर जबाबदार ती. चमचा कसा होतो ते पाहा. चांदीची कांडी ठोकून लांबवायची, एका टोकाला पसरवायची, शिशाच्या ठोकळ्यावर ठशानं दाबून खोलगट करायची, मग कानस, मग झिलई. ठोकणारा वेगळा, घासणारा वेगळा, झिलई करणारी बाई वेगळी. त्यात उमेदवारी करणारी पोरं आणि रोजंदारीचे कारागीर. त्यांच्यापैकी कोणाचाही ठसा नाही. हेस्टरच्या दुकानातून बाहेर पडलेले चमचे पाहिले, तर एवढे एका म्हाताऱ्या बाईच्या हातून होणं शक्य नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग हेस्टर मोठी नाही का? आहे. पण ज्यासाठी तिला मोठं म्हणतात त्यासाठी नाही. निरक्षर विधवेनं तीस वर्षं दुकान चालवलं, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाची जोखीम आपल्या नावावर घेतली, यासाठी ती मोठी. इंग्लंडच्या १९७३ च्या कायद्यानं तर हा भ्रमच दूर केला. त्या कायद्यात ‘मेकर’ हा शब्द न घेता ‘स्पॉन्सर्स मार्क’ म्हटलं आहे. तपासणीला माल पाठवणारा, जबाबदारी घेणारा, त्याचा ठसा. शब्द रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

आता जिथे शब्दाला किंमत असते तिथे खोटा शब्दही येतोच. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्याला खोटा हॉलमार्क करणाऱ्याला देहदंडाची तरतूद होती. तरी लोक थांबले नाहीत. चमच्यांच्या बाबतीत दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. अस्सल ठसे प्रत्येक चमच्यावर वेगळे ठोकलेले असतात, म्हणून सहा चमच्यांच्या संचात ते सगळे तंतोतंत एका जागी, एका कलानं सहसा पडत नाहीत. सहाही चमच्यांवर ठसे तंतोतंत त्याच जागी दिसले, तर समजा की एका अस्सल चमच्यावरून साचा घेऊन बाकीचे ओतले आहेत. एरवी सारखेपणा हा आपल्याला चांगुलपणा वाटतो, इथे तो पकडवून देतो. दुसरी खूण, ओतीव ठशाच्या कडा मऊ असतात आणि तळाशी बारीक छिद्रं दिसतात.

उलट, ठसा वेडावाकडा दिसला म्हणून खोटा मानायचाही नाही. १७८० च्या सुमारापर्यंत लंडनमध्ये ठसे दांड्याच्या खालच्या भागात, वाटीजवळ ठोकत. तिथे दांडा अरुंद. ठसे पडल्यावर कारागीर तो पुन्हा ठोकून सरळ करी, आणि त्यात सिंह चेपून जाई. पुढे ठसे दांड्याच्या रुंद टोकाकडे सरकले आणि स्पष्ट दिसू लागले. तसंच, जुन्या चहाच्या चमच्यांवर बहुधा फक्त सिंह आणि आद्याक्षरं असतात, वर्षाचं अक्षर नसतंच. तिथे चमच्याचा घाट पाहून काळ ठरवायचा.

हे सगळं आपल्या देशाशी कुठे येऊन भिडतं? कलकत्त्यात. १८०८ पासूनची हॅमिल्टन आणि कंपनी, आणि तिच्यासारख्या गोऱ्या पेढ्या. इथे चांदी तपासून ठसा मारणारी कचेरी नव्हती. पण गिऱ्हाइकाला तर ठशांची ओळ पाहायची सवय! मग या पेढ्यांनी आपल्याच घरचे ठसे ओळीनं ठोकले. नावाची आद्याक्षरं, एक हत्ती, एखादं अक्षर. दिसायला लंडन, पण तपासनीस कोणीच नाही. चांदी अनेकदा चांगली असे, पण शब्द एकाच माणसाचा, स्वतःचीच साक्ष. आणि ज्यांच्या हातांनी ते घडलं ते बहुतांशी हिंदी कारागीर, ठशात कुठेही नाहीत. म्हणून कच्छच्या भुजमधले उमरसी मावजी वेगळे उठून दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या कामावर ‘ओ एम’ आणि पुढे ‘भुज’ असं ठोकलं. असं स्वतःच्या नावानं उभं राहिलेले त्या काळचे हिंदी चांदीकार आपल्याला मोजकेच माहीत आहेत.

आणि आपल्या घरांत? आपण भांड्यांवर नाव घालून घेतो. पण कोणाचं? देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, लग्नाची तारीख. आपल्या मांडणीवरची भांडी नात्यांची नोंदवही आहे, कारागिराची नाही. हा दोष म्हणून सांगत नाही, फरक म्हणून सांगतो. आज दागिन्यांवर हॉलमार्क आला. १ एप्रिल २०२३ पासून सराफानं विकायच्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. आधी सराफाची खूण दागिन्यावर उमटे, आता ती त्या क्रमांकामागच्या नोंदीत गेली. व्यवस्था अधिक पक्की झाली यात शंका नाही. मात्र सातशे वर्षांपूर्वीचा प्रश्न तोच आहे : खोट निघाली तर कोणाला धरायचं?

तेव्हा जुना चमचा हाती आला, तर भिंग घ्या आणि पाचही ठसे वाचा, नाव शेवटी. आणि निष्कर्ष लिहिताना ठसा जेवढं सांगतो तेवढंच लिहा. ‘हेस्टर बेटमन यांच्या दुकानातून आलेला, लंडनमध्ये १७८६-८७ मध्ये तपासून पास झालेला चमचा.’ वाक्य थोडं लांब होतं, पण त्यात न दिसणाऱ्या हातांना जागा उरते.

आजोळच्या चमच्याचं काय झालं, असं मघाशी पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच विचारलं. तो आमच्याकडेच आहे. मुलामा बऱ्याच ठिकाणी उडाला आहे, खालचा पिवळसर धातू दिसतो. मामांना आम्ही ती चार अक्षरं वाचून दाखवली होती. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस. आता पुढच्यांना खरं सांग.’ मागच्या वर्षी नातीचं उष्टावण त्याच चमच्यानं केलं, आणि जमलेल्या सगळ्यांना तो कशाचा आहे ते आधी सांगितलं.